काळा धूर, कसली पॉवर?

दोस्तांनो, जुन्या डिझेल जीपच्या पंपाचा स्क्रू अर्धा आटा फिरवला की गाडी जोरात पिकअप घेते, हे खरंय. पंप जास्त डिझेल सोडतो ना! पण 1 किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण 14.5 किलो हवा लागते. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवत गेलात, तर ते अर्धवट जळतं, काळा धूर होतो. इंजिन तापतं, पिस्टन वितळूही शकतो. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच जाहीर केलंय. तो धूर मागच्या दुचाकीवाल्याच्या छातीत जातो. पिकअप हवाय? आधी एअर फिल्टर, नोझल तपासा. पंप टेस्ट बेंचवर कंपनीच्या मापात लावून घ्या. धूर न सोडता घाट चढवून दाखवा, मग मानू तुम्हाला!