मलबार हिलचे घर आणि कुमारनगरचा दावा

मुंबईत मलबार हिलवर, मुख्यमंत्र्यांच्या 'वर्षा' निवासस्थानासमोर, सुमारे अडीच एकरांच्या आवारात एक प्रशस्त वास्तू उभी आहे. तिचे मूळ नाव 'साऊथ कोर्ट'. लोकांच्या तोंडी ती 'जिना हाऊस' म्हणूनच राहिली. या घराचा धनी कोण, हा वाद फाळणीइतकाच जुना आहे. पाकिस्तानने ते वारंवार मागितले. जिनांच्या कन्येने न्यायालयात जाऊन मागितले. सीमेवर मेणबत्त्या लावणाऱ्या मंडळींनी ते सदिच्छेची भेट म्हणून देऊन टाकण्याचे सल्ले दिले. संतापलेल्या राष्ट्रभक्तांनी ते जमीनदोस्त करण्याची मागणी केली. या सर्व गलबल्यात एका दावेदाराचे नाव मात्र कोणाच्या ओठी आले नाही. तो मलबार हिलवर राहत नाही. तो धुळ्याच्या साक्री रस्त्यावरील कुमारनगरात राहतो, जळगावच्या सिंधी कॉलनीत राहतो.

फाळणीत पंजाब तुटला, बंगाल तुटला; सिंध तुटला नाही. तो अखंड प्रांत पलीकडे गेला. पंजाबी आणि बंगाली निर्वासिताला आपल्या भाषेचा अर्धा मुलूख तरी भारतात सापडला. सिंधी हिंदूच्या वाट्याला हातभर भूमीही आली नाही. शिकारपूर, सक्कर, लारकाना, हैदराबाद येथील नांदती घरे कुलपे लावून हा समाज निघाला. अनेकांनी किल्ल्या जपून आणल्या, कारण परत जायचे आहे अशीच त्यांची समजूत होती. या लोंढ्यातील काही कुटुंबे खानदेशात उतरली. ज्यांच्या पेढ्या होत्या त्यांनी हातगाड्या ओढल्या, फेरी करून कापड विकले, गोळ्या-बिस्किटे विकली. दोन पिढ्यांत त्यांनी जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठेत मानाचे स्थान मिळविले. त्यांनी मोर्चे काढले नाहीत, 'आमचे घर परत द्या' म्हणून आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर आक्रोश केला नाही. कदाचित म्हणूनच त्यांचा दावा कोणाला ठाऊक नाही.

हा दावा भावनेचा नाही. त्याचा पाया कायद्यात आहे. देश सोडून पाकिस्तानात गेलेल्यांच्या मालमत्तेसाठी संसदेने १९५० मध्ये निष्क्रांत मालमत्ता प्रशासनाचा कायदा केला. १९५४ मध्ये विस्थापितांची भरपाई व पुनर्वसन यांसाठी दुसरा कायदा झाला. त्याची रचना सरळ होती. जे गेले त्यांची मालमत्ता शासनाने संपादन करायची, तिचा एक भरपाई-कोष करायचा आणि जे उखडून आले त्यांना त्यांच्या पडताळलेल्या दाव्यांपोटी त्यातून भरपाई द्यायची. पूर्ण भरपाई कोणालाच मिळाली नाही. दावा जितका मोठा तितके भरपाईचे प्रमाण कमी. शिकारपूरची हवेली गेली आणि हाती आली ती एक खोली किंवा दुकानाचा गाळा. हे सारे कायदे २००५ मध्ये रद्द झाले. सरकारच्या लेखी हिशेब मिटला.

मलबार हिलचे घर या हिशेबात कोठे बसते? केंद्र शासनाने न्यायालयात घेतलेली भूमिका अशी की, हे घर निष्क्रांत मालमत्ता आहे आणि म्हणून ते भारत सरकारकडे निहित झाले आहे. ही भूमिका खरी धरली, आणि ती न धरण्याचे काहीही कारण नाही, तर एक प्रश्न उरतोच. देशभरातील निष्क्रांतांची घरे, दुकाने लिलावात निघाली आणि त्यांतून विस्थापितांचे दावे भागविले गेले. मग हे एक घर त्या कोषातून बाजूला का राहिले?

याचे उत्तर नेहरूयुगाच्या शिष्टाचारात आहे. हे घर जिनांनी १९३६ मध्ये बांधून घेतले. वास्तुविशारद होते क्लॉड बॅटली, जे. जे. कला विद्यालयात वास्तुकलेच्या अनेक पिढ्या घडविणारे इंग्रज अध्यापक. मुंबई सेंट्रल स्थानकाची वास्तू त्यांचीच. सुरतमार्गे मुंबईस जाऊन तेथे उतरणारा खानदेशी प्रवासी नकळत बॅटलींच्या छताखाली उभा राहत आला आहे. घरासाठी इटालियन संगमरवर आला, अक्रोडाच्या लाकडाचे काम झाले, खर्च सुमारे दोन लाख रुपये. त्या काळचे दोन लाख! मालकाने बांधकामावर जातीने लक्ष ठेवले, असे सांगतात. सप्टेंबर १९४४ मध्ये गांधीजी बोलणी करण्यासाठी याच घराच्या पायऱ्या चढले आणि रित्या हाताने उतरले. १५ ऑगस्ट १९४६ रोजी नेहरू येथे येऊन गेले. दुसऱ्याच दिवशी 'प्रत्यक्ष कृती दिना'ने कलकत्त्याच्या रस्त्यांवर रक्ताचा सडा पडला. देशाचे दोन तुकडे करण्याचा सौदा ज्या दिवाणखान्यांत शिजला, त्यांत हा एक आहे.

जिनांची दिल्लीतही एक कोठी होती, औरंगजेब रस्त्यावर. जाण्यापूर्वी त्यांनी ती रामकृष्ण दालमियांना विकून पैसे मोजून घेतले. मुंबईचे घर मात्र विकले नाही. पाकिस्तानातील भारताचे पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी आपल्या आठवणींत नोंदविले आहे की, या घराचा विषय निघताच कायदे-आझम व्याकूळ झाले; ते एखाद्या युरोपीय कुटुंबाला किंवा अभिरुचिसंपन्न संस्थानिकाला भाड्याने द्यावे, अशी त्यांची विनवणी होती. लक्षावधींना घराबाहेर काढणाऱ्या राजकारणाच्या शिल्पकाराला स्वतःच्या घराची एक वीटही हलू नये असे वाटत होते! आणि दिल्लीने त्यांचे मन राखले. घर ब्रिटिश उपउच्चायुक्तांकडे भाड्याने गेले आणि १९८२ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले. हीच कोमलता शिकारपूरच्या विधवेच्या वाट्याला आली असती तर?

आता समुद्रापलीकडे, कराचीत पाहावे. क्लिफ्टन भागात मोहट्टा पॅलेस आहे. मूळचे बिकानेरचे मारवाडी उद्योजक शिवरतन मोहट्टा यांनी १९२० च्या दशकात जोधपूरचा गुलाबी दगड आणून तो उभारला. वास्तुविशारद आगा अहमद हुसेन, जयपूरहून आलेले. हिंदू धन्याने मुसलमान वास्तुविशारदाकडून, राजपूत वळणाच्या घुमटांनी सजवून घेतलेले हे घर. द्विराष्ट्रवादाला याहून बोलके उत्तर शोधूनही सापडणार नाही. फाळणीनंतर पाकिस्तान सरकारने ते ताब्यात घेतले, तेथे परराष्ट्र खाते थाटले आणि मोहट्टा कुटुंब भारतात आले. राजधानी हलल्यावर, १९६४ मध्ये तेथे राहायला कोण गेले? फातिमा जिना. ज्यांच्या नावे बंधूंनी ३० मे १९३९ च्या मृत्युपत्रात मलबार हिलचे घर लिहून ठेवले होते, त्याच. १९६७ मध्ये त्यांचे निधनही त्याच वास्तूत झाले. त्यांच्या निवासामुळे त्या वास्तूला 'कस्रे-फातिमा' हे नवे नाव मिळाले.

म्हणजे मलबार हिलच्या वारसदाराने हिंदूच्या राजवाड्यात आयुष्याची अखेर घालविली. आणि तरीही पाकिस्तानचे राज्यकर्ते मुंबईच्या घराची मागणी पुढे करीतच राहिले. मुंबईत वकिलातीसाठी घर हवे, असे कारण दिले जाई. मोहट्टांना त्यांचे घर परत देण्याची भाषा मात्र कोणी काढली नाही. ज्यांनी सदिच्छेचे उपदेश केले, त्या इथल्या विचारवंतांनीही नाही. सदिच्छेचा रस्ता एकाच दिशेने का जातो, हे त्यांनी एकदा सांगावे.

दुसरा दावा जिनांच्या कन्येचा. दीना वाडिया पित्याबरोबर गेल्या नाहीत. त्यांनी भारत निवडला, ही गोष्ट आदराने नोंदविली पाहिजे. २००७ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि २०१७ मध्ये त्यांच्या निधनानंतर पुत्राने ती पुढे चालविली. याचिकेतील एक मुद्दा मोठा उद्बोधक आहे. खोजा समाजाच्या वारशाला हिंदू रूढीचा कायदा लागू होतो, म्हणून एकुलत्या कन्येचा हक्क आहे, असे त्यात मांडले गेले. हिंदू आणि मुसलमान यांचे कायदे, चालीरीती, इतिहास सारेच भिन्न, असे ज्यांनी जगाला ओरडून सांगितले त्यांच्याच घराच्या वारशासाठी हिंदू रूढीचा आधार घ्यावा लागला! न्यायालयात काय व्हायचे ते होईल. परंतु वारसा खासगी हाती गेला की मलबार हिलवर वास्तूचे काय होते, हेही पाहिलेले बरे. होमी भाभांचा 'मेहरांगीर' बंगला २०१४ मध्ये ३७२ कोटींना लिलावात गेला आणि २०१६ मध्ये पाडला गेला. अणुशक्तीचा पाया घालणाऱ्या माणसाचे घर देशाला राखता आले नाही.

आणि येथेच आपल्याच मंडळींशी थोडे परखड बोलणे प्राप्त आहे. मार्च २०१७ मध्ये मलबार हिलचे आमदार मंगलप्रभात लोढा यांनी विधानसभेत हे घर पाडून तेथे सांस्कृतिक केंद्र उभारण्याची मागणी केली. टाळ्या पडल्या. फाळणीची जखम ज्याच्या मनात आहे त्याला हा संताप समजू शकतो. पण पाडल्याने कोणाचे भले होते? पुरावा नष्ट झाल्याने गुन्हा नाहीसा होत नाही. फक्त आरोपीची सोय होते. उद्या कोणी शाळकरी मुलाला सांगेल की फाळणी हा इंग्रजांचा एक प्रशासकीय निर्णय होता, तेव्हा त्याला बोट धरून कोठे न्यायचे? तेथे चकचकीत संकुल उभे राहिले तर मागे राहील ती एक महागडी जमीन, आणि मलबार हिलवर जमिनीवर डोळा ठेवणाऱ्यांची वाण कधीच नव्हती.

पाडण्याची मागणी मागे पडली. २०१८ मध्ये वास्तू परराष्ट्र मंत्रालयाकडे सोपविण्याचा निर्णय झाला. दिल्लीच्या हैदराबाद हाऊसच्या धर्तीवर तिचा विकास करण्याचे ठरल्याचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी कळविले. पाकिस्तानच्या दाव्याला याहून ठाम उत्तर नाही, म्हणून या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. पण हैदराबाद हाऊस म्हणजे परदेशी पाहुण्यांच्या मेजवान्यांची जागा. तेथे सामान्य नागरिकाला दार उघडत नाही. १९८२ नंतर जी वास्तू बहुतांशी रिकामी पडून राहिली, वाळवी आणि पावसाळी गळतीला तोंड देत राहिली, तिच्यात झुंबरे लावून राजदूतांना जेवू घालायचे, एवढ्यानेच मालकी सिद्ध होते काय? कराचीतील मोहट्टा पॅलेस सिंध सरकारने विकत घेतला आणि १९९९ मध्ये तेथे संग्रहालय उघडले. बळकावलेल्या घराचा उपयोग त्यांना सुचला आणि न्याय्य मालकीच्या घराचा उपयोग आपल्याला इतकी वर्षे सुचला नाही, ही बोच लपविण्यात अर्थ नाही.

या घरात फाळणीचे दप्तर गेले पाहिजे. अमृतसरच्या टाऊन हॉलमध्ये २०१७ साली फाळणीचे संग्रहालय उघडले. त्याचा ओघ स्वाभाविकच पंजाबकडे आहे. सिंधच्या विस्थापनाची गाथा सांगणारे तेवढेच भव्य घर पश्चिम किनाऱ्यावर हवे, कारण ते विस्थापित याच किनाऱ्यावर, मुंबईच्या बंदरात उतरले. २०२१ पासून १४ ऑगस्ट हा फाळणी वेदना स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. वर्षातून एक दिवस प्रदर्शनाचे फलक लावून ते सायंकाळी गुंडाळण्यापेक्षा, बॅटलींच्या त्या दिवाणखान्यांत सिंधी कुटुंबांचे दाव्यांचे अर्ज, घरांचे नकाशे, शाळांचे दाखले, गंजलेल्या किल्ल्या कायमच्या मांडाव्यात. वास्तूला धक्का लावू नये. एक भिंतही बदलू नये. आत काय ठेवायचे ते मात्र देशाने ठरवावे. यात आजच्या कोणा मुसलमान नागरिकाला दुखावण्याचा हेतू असण्याचे कारण नाही. ज्यांनी पाकिस्तान नाकारून जळगाव-धुळ्यातच राहणे पसंत केले त्यांच्या आप्तांची ताटातूटही याच दप्तराचा भाग आहे.

अशी कामे कशी करतात, हे खानदेशाला कोणी शिकवायला नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निवर्तले. गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून, उंदीर-कसरीच्या तोंडातून त्यांनी सोडविलेली कागदपत्रे पाठीमागे राहिली. धुळेकरांनी सरकारची वाट पाहिली नाही. जानेवारी १९२७ मध्येच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून जमविलेले समर्थ संप्रदायाचे हस्तलिखित धन वाग्देवता मंदिरात सुरक्षित आहे. चाळीसगावात कलामहर्षी केकी मूस या पारशी कलावंताचे स्थानकाजवळचे घर त्यांच्या पश्चात कलासंग्रह म्हणून जपले गेले. यांपैकी कोणाच्या मागे मलबार हिलची जमीन नव्हती. वकील, शिक्षक, व्यापारी यांच्या देणग्या आणि वेळ एवढेच भांडवल होते.

१९४७ मध्ये जे दहा वर्षांचे होते ते आता नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. कुमारनगरात आणि सिंधी कॉलनीत अशी माणसे आजही भेटतात. शिकारपूरच्या गल्लीचा कोपरान् कोपरा सांगतात. नातवंडांना सिंधी लिपी वाचता येत नाही, म्हणून ट्रंकेतील कागद रद्दीत जातात. दिल्लीच्या मंत्रालयाने मलबार हिलचे दार कधी उघडायचे ते ठरवावे. त्यासाठी खानदेशातील सिंधी पंचायतींनी, महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आणि संशोधन मंडळांनी थांबू नये. दाव्यांच्या अर्जांच्या प्रती जमविणे, वृद्धांचे कथन ध्वनिमुद्रित करणे, घरांचे आठवणीतले नकाशे काढून घेणे हे काम येत्या दिवाळीच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना हाताशी धरून सुरू करता येईल. आणि या भागातील खासदारांनी संसदेत एवढाच प्रश्न विचारावा: निष्क्रांत मालमत्तेचे हे शेवटचे मोठे घर विस्थापितांच्या नावे केव्हा उघडणार?