फोटोचं नाव फोटोतच राहू द्या

वेरूळ बघायला आलेला माणूस हल्ली तीनचारशे फोटो घेऊन घरी परततो. कैलास, सुतार झोपडी, जैन लेणी, परतीच्या वाटेवर खुलताबादचे दर्गे, मधेच टपरीवर चहा पिणारी पोरं. सहा महिन्यांनी त्यातला एक हवा असेल तर अंगठा दुखेपर्यंत मोबाईल सरकवत बसायचं. मग प्रश्न येतो, फोटो नीट लावायला आणि सुधारायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

रंग किती खुलतात हे नंतर बघा, असं माझं म्हणणं. आधी एवढंच विचारा की मी दिलेलं नाव आणि केलेली सुधारणा हे सॉफ्टवेअर लिहून कुठे ठेवतं?

पिकासा आठवत असेल. घरोघरी होतं. गूगलने २०१६ मध्ये ते बंद केलं. त्यातल्या सुधारणा फोल्डरमधल्या एका वेगळ्या छोट्या फाइलमध्ये राहायच्या. ज्यांनी त्या 'सेव्ह' केल्या नव्हत्या, त्यांना दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फोटोच दिसले. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून संपली. तिथून सगळे फोटो एकदम उतरवले, तर आपण लिहिलेल्या ओळी फोटोंसोबत वेगळ्या फाइलींत येतात. लाइटरूम उत्तम आहे, लग्नाची कामं घेणाऱ्याला परवडतंही. पण ते भाड्याचं घर आहे.

घरच्या संग्रहासाठी मी डिजीकॅम सुचवतो. फुकट आहे, विंडोजवरही चालतं. फोटो आपल्याच फोल्डरात राहतात आणि सेटिंगमध्ये एकदा सांगितलं की नाव, ठिकाण थेट फोटोच्या फाइलमध्ये लिहिलं जातं. चेहरे ओळखण्याचं काम आपल्याच संगणकावर होतं. घरातल्या बायकांचे फोटो कुणाच्या सर्व्हरवर जाऊ नयेत असं वाटणारी बरीच घरं आहेत, आणि ते वाटणं मला मागासपणाचं वाटत नाही. (लेण्यांतले दगडी चेहरेही ते कधीकधी माणसांत धरतं. तेवढं हसून सोडून द्यायचं.)

दहा नंबरच्या लेण्यासारख्या अंधाऱ्या जागेचा फोटो सुधारायचा असेल, तर कॅमेऱ्यात रॉ फाइल घ्या आणि डार्कटेबल वापरा. शिकायला किचकट आहे. तेही सुधारणा वेगळ्या फाइलमध्येच ठेवतं, म्हणून काम झालं की तयार जेपीजी काढून मूळ फोटोशेजारी ठेवायची.

खरी कसरत नावांची. वेरूळ, वेरुळ, एलोरा, इलोरा ही चार नावं सॉफ्टवेअरला चार गावं वाटतात. एकच ठरवा. माणसांचंही तसंच. रेशनकार्डावर एक नाव, घरात दुसरं, आणि निम्म्या खानदानाला ती फक्त बडी अम्मा. चेहरा मशीन ओळखेल, पण ती कुणाची खाला आणि कुणाची फुफी हे आपणच लिहायचं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. जुन्या फोटोंच्या पाठीवर उर्दूत दोन ओळी असतात: कोण, कुठे, कुणाच्या निकाहात. मराठी शाळेत शिकलेल्या नातवंडांना त्या वाचता येत नाहीत. वाचणारे घरात एखाददुसरेच उरलेत. म्हणून स्कॅन करताना पाठही स्कॅन करा, डिजीकॅममध्ये दोन्ही बाजूंचा एक गट करा, आणि त्या ओळी देवनागरीत टाइप करून फोटोतच ठेवा. कैलासाचे फोटो त्यानंतर लावले तरी चालतील.

माझ्या फुफीकडे असे साठेक फोटो आहेत. येत्या रविवारी स्कॅनर घेऊन जातोय. ती वाचणार, मी टाइप करणार.