बदलीच्या गावातली दिवाळी



दिवाळीची सुट्टी संपली की आपण वर्गात एक निबंध हमखास देतो. 'मी साजरी केलेली दिवाळी' नाहीतर 'माझा आवडता सण'. वह्या तपासायला घेतल्या की काय दिसतं, ते तुम्हालाही ठाऊक आहे. चाळीस वह्यांत एकच दिवाळी. पहाटेचं उटणं, आजीच्या हातचा फराळ, मामाचं गाव, अंगणात मातीचा किल्ला. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे किल्ला करणारी घरं मोजकीच, पण वहीत किल्ला असतोच. कारण तो गाईडमध्ये असतो.

पाचवीतल्या एका मुलानं असाच निबंध लिहिला होता. वडील पोलिसात, घर मूळचं सांगलीकडचं. निबंधात मोठा वाडा, आजी, चुलत भावंडं, सगळं होतं. मी सहज विचारलं, "किती दिवस राहिलास रे गावाला?" तो गप्प. मग हळूच म्हणाला, "मॅडम, आम्ही गेलोच नाही. बाबांना बंदोबस्त होता. मग लिहू काय?"

मग त्यानं खरी दिवाळी सांगितली. आईनं क्वार्टरच्या पायऱ्यांवर पाच पणत्या लावल्या. शेजारच्या बंगाली काकूंनी नारळाचे लाडू आणून दिले. बाबा रात्री दहाला आले, तोवर तो जागा राहिला आणि मग दोघांनी मिळून एकच फुलबाज्यांचा पुडा संपवला. एवढं सांगून त्यानं विचारलं, "हे लिहायचं असतं का?"

मला तो प्रश्न लागला. त्या मुलाजवळ चांगला निबंध होता, पण आपलं घर म्हणजे चुकीचं उत्तर, असं त्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. हे त्याला शिकवलं कोणी? थोडं आपण शाळेत, थोडं तुम्ही घरी.

घरी कसं, तेही सांगते. बदलीवर आलेल्या घरांमध्ये एक वाक्य फार ऐकू येतं: "आपले सण तिकडे, इथे आपण नोकरीपुरते." मोठ्यांना त्यात दिलासा वाटत असेल. पण मूल सहा वर्षांचं असताना आलं आणि दहा वर्षांचं होऊन निघालं, तर त्याच्या बालपणाचा केवढा तरी भाग इथेच गेला ना? तो सगळा काळ काय एसटी स्टँडवर बसल्यासारखा काढायचा? आणि दरवर्षी गावी जाणं सोपंही नाही. सिरोंचा किंवा भामरागडहून निघायचं, रेल्वे गाठायला बल्लारशा किंवा वडशापर्यंत यायचं, त्यात ऐन सणात रजा मिळायची मारामार. पोलीस, वनरक्षक, नर्स, वीज केंद्रातले आणि खाणीतले पाळीवर असणारे कामगार यांच्या घरी सण ड्युटीच्या वेळा बघूनच होतो.

परराष्ट्र सेवेतल्या कुटुंबांचं उदाहरण घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ साली या सेवेत गेले आणि टोकियोपासून न्यूयॉर्कपर्यंत त्यांनी काम केलं. या नोकरीत साधारण तीन-चार वर्षांनी देश बदलतो. मुलांची शाळा, भाषा, मित्र सगळं बदलतं. पंधरा ऑगस्टला दूतावासात झेंडावंदन असतं, पण दिवाळीला बहुतेक देशांत मुलांच्या शाळेला सुट्टी नसते. मग सण जवळच्या शनिवार-रविवारी करायचा, मिळेल त्या पिठाची चकली करायची आणि शेजाऱ्याला समजावून सांगायचं की ही दिव्यांची रांग कशासाठी. गावी जाऊ तेव्हाच सण करू असं म्हटलं, तर त्या मुलांच्या वाट्याला सण येणारच नाही.

आणि लोकांनी सण करत राहिलं, की कधीतरी ती जागाही त्या सणाला ओळखायला लागते. एकोणिसाव्या शतकात मराठी माणसं मजूर म्हणून मॉरिशसला ऊसमळ्यांवर गेली. आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. न्यूयॉर्क राज्यात २०२३ साली कायदा झाला आणि १ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळा दिवाळीसाठी पहिल्यांदा बंद राहिल्या. वर्गात दिवाळी करणारी मुलं आहेत, हे शाळेच्या वेळापत्रकाला मान्य करावं लागलं.

पण एवढ्या लांब कशाला जायचं? आपल्याच जिल्ह्यात बघा. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना १९६० च्या दशकात वसवलं गेलं. 'परत गेलो की करू' असं म्हणायची सोयच त्यांना नव्हती. त्यांनी दुर्गापूजा इथल्याच मातीत मांडली. आज त्यांची नातवंडं-पतवंडं आपल्या वर्गात बसतात आणि त्यांच्यासाठी पूजेचं गाव म्हणजे हेच गाव. सण जपायला मूळ गावातच असावं लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही घरं एकदा जरूर बघावी.

आता आपल्या कामाचं बोलू. आपला वर्ग म्हणजे सणांच्या बाबतीत केवढा मोठा खजिना आहे! पावसाळा सरता सरता सांगलीकडची मुलगी हादगा सांगेल, इथली मुलगी भुलाबाई सांगेल आणि सिरोंच्याकडची तेलुगू बोलणारी मुलगी फुलांची रास रचून केलेली बतुकम्मा सांगेल. तिन्हींत मुली फेर धरून गाणी म्हणतात. सांगली-कोल्हापूरकडे बैलांचा सण म्हणजे आषाढातला बेंदूर. इथे श्रावण अमावास्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी बैल घेऊन दारोदार फिरायचं आणि बोजारा गोळा करायचा. बदलीवर आलेल्या मुलाला तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन द्या, मग बघा ते हे गाव कधी विसरतं का! भाऊबीज झाली की झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, पाहुणे येतात, रात्रभर नाटकं चालतात. चंद्रपूरला १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली, त्यामुळे वर्गातल्या कितीतरी मुलांचा ऑक्टोबरमधला मोठा दिवस दिवाळीच्या आधीच येऊन जातो. यातलं किती आपल्या निबंधाच्या वहीत येतं?

आश्रमशाळेतल्या मुलांचा विचार तर वेगळाच करायला हवा. ती घरापासून फार लांब नसतात, आपल्याच जिल्ह्यात असतात, तरी घरच्या सणाला नसतात. माडिया-गोंड गावांत पंडुम असतो. नवीन फळ, नवीन धान्य देवाला दिल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. त्याचा दिवस छापील कॅलेंडरवर नसतो, तो गाव ठरवतं. आपण दिवाळीची सुट्टी देतो आणि मुलाचा सण शाळा चालू असताना होऊन जातो. मग तेच मूल फराळ आणि किल्ल्याचा निबंध पाठ करतं. मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या ज्या थोड्या सुट्ट्या असतात, त्या ठरवताना आपण कधी गावाला विचारतो का? एकदा विचारून बघायला काय हरकत आहे?

काही पालक म्हणतील, असं केलं तर पोरं मूळ गावचं विसरतील. मला उलट अनुभव आहे. "तुमच्याकडे हे कसं करतात?" असं वर्गात विचारलं की ज्या मुलाला सांगता येत नाही, ते घरी जाऊन आईला विचारतं, आजीला फोन लावतं. शेजारी वेगळं काही दिसलं, की आपलं काय ते नीट कळतं. एक सावधगिरी मात्र शिक्षकांनी घ्यावी. बाहेरून आलेल्या किंवा आदिवासी मुलाला वेशभूषा करून स्टेजवर उभं करणं म्हणजे त्याच्या सणाचा मान ठेवणं नव्हे. त्याला सगळ्यांबरोबर बसून सांगू द्या.

मग करायचं काय? शिक्षकांनी प्रश्न बदलावा. 'माझा आवडता सण' ऐवजी असं विचारा: मागच्या सणाच्या दिवशी तू कुठे होतास? घरात कोण होतं, कोण नव्हतं? शेजारून काय आलं आणि तुमच्याकडून शेजारी काय गेलं? याचं उत्तर गाईडमध्ये सापडणार नाही. गुण देताना स्वतः पाहिलेल्या गोष्टीला दोन गुण जास्त द्या. पालकांनी एवढंच करावं, की सण इथे करायचा आणि पूर्ण करायचा. भाजणी नसेल तर चकली राहू द्या, पण पणती मुलाच्या हातानं लावा. आजीला व्हिडिओ कॉल जरूर करा, पण तो संपला की मुलाला घेऊन शेजारच्या दारीही जा.

त्या मुलाला मी निबंध पुन्हा लिहायला सांगितला. पाऊण पान झाला. शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या, त्या मी लाल पेनानं दुरुस्त केल्या. शेवटचं वाक्य होतं, 'बाबा आले तेव्हा पणत्या विझल्या होत्या, मग आईने परत लावल्या.' वर्गात वाचून दाखवला तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मी पण माझा परत लिहू?"