चवीला भाव कोण देणार?

टोमॅटो बेचव झाला ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि खापर रासायनिक खतांवर फुटते. मला वाटते, दोष आपल्या डोळ्यांचाही आहे. जुन्या जातींच्या कच्च्या फळावर देठाजवळ गडद हिरवा भाग असे. फळ सगळीकडून सारखे पिकावे म्हणून पैदासकारांनी तो नसलेली झाडे निवडली. 2012 साली 'सायन्स' नियतकालिकात शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की या निवडीत फळातील हरितद्रव्याचा कारभार पाहणारे जनुकच निकामी झाले होते. त्याचे काम वाढवले, तर पिकल्या फळात साखर वाढली आणि लाल रंगद्रव्यही! रंगासाठीच तर सारा खटाटोप होता.

"चवीला गिऱ्हाईक कुठे आहे?" असे कोणी म्हणेल. त्याने अलिबागला यावे. कार्ले-खंडाळ्याकडे भात निघाल्यावर पांढरा कांदा लावतात. बी शेतकरी स्वतःच राखतो. रंगाच्या हिशेबात हा कांदा शून्य, पण गोडवा असा की नुसता खावा. लाल कांद्याहून महाग असूनही मुंबईकर गाडी थांबवून त्याच्या माळा घेतो.

टोमॅटो वजनावर विकणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. दूरच्या बाजारात माल टिकायलाच हवा. पण आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठासह सर्वांनी नवी जात देताना उत्पादनाबरोबर चवीलाही गुण द्यावेत. आणि परीक्षकांत, गुरुजनांनी क्षमा करावी, प्राध्यापकांपेक्षा रोज सार करणाऱ्या आया-मावश्या जास्त असाव्यात.