सात गुणांच्या आतला पराभव



घरातील वडीलधारे माणूस पक्षाघाताने अंथरुणाला खिळले, की साधारण तिसऱ्या महिन्यात एक प्रश्न माझ्यासमोर येतो. विचारणारी बहुधा सून असते, कधी पत्नी, क्वचित मुलगा. ‘‘डॉक्टरसाहेब, एवढं करूनही फरक का पडत नाही?’’ पहिल्या महिन्यात हा प्रश्न येत नाही, कारण तेव्हा माणूस वाचला याचेच समाधान असते. वर्षानंतरही तो सहसा येत नाही. तोवर घराने आपली काहीतरी घडी बसवलेली असते. तिसरा महिना मात्र कठीण. भेटायला येणारे पाहुणे येऊन गेलेले असतात, हातउसने पैसे संपलेले असतात आणि सुरुवातीला झपाट्याने दिसलेली सुधारणा मंदावू लागलेली असते.

या प्रश्नाचे जे उत्तर आज मी देतो, ते मला वैद्यकाच्या पुस्तकात सापडले नाही. ते २०१४ साली कबड्डीच्या एका सतत हरणाऱ्या संघाकडून आणि तो संघ खाटेवरून पाहणाऱ्या एका म्हाताऱ्या खेळाडूकडून मिळाले.

आपल्यापैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे, त्यांनी हा खेळ मातीत, उघड्या अंगाने आणि बहुतेकांनी ‘हुतूतू’ याच नावाने खेळला असेल. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी सुरू झाली आणि तोच खेळ मॅटवर, बूट घालून, झगमगाटात दूरचित्रवाणीवर आला. आठ संघ होते, त्यांतले दोन आपल्या महाराष्ट्राचे. अनुप कुमारच्या नेतृत्वाखालील यू मुंबा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि ३१ ऑगस्टला जयपूरकडून हरला. दुसरा संघ पुणेरी पलटण. तो आठांत आठवा आला.

लिलावातून निवडलेली माणसे, निरनिराळ्या प्रांतांची, निरनिराळ्या बोलींची. एकेकटा पाहावा तर प्रत्येक जण तयारीचा. परंतु पकड हे एकट्याचे काम नव्हे. कोपऱ्यातला गडी पायावर झेपावला, की त्याच क्षणी मध्यरक्षकाने कंबर धरली पाहिजे. अर्धा क्षण उशीर झाला तर चढाईपटू दोघांनाही घेऊन मधल्या रेषेपलीकडे जातो. हातात हात गुंफून केलेली साखळी दिसायला सोपी, पण शेजारचा कधी पुढे सरकेल आणि कधी मागे खेचेल हे हाताला कळायला काळ जावा लागतो. नव्या संघाकडे नेमका तोच नसतो. हे माझे मत. जाणकार कबड्डीपटूंनी ते दुरुस्त करावे.

त्याच वर्षी जून महिन्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एका गावी एका आजोबांना पक्षाघात झाला. त्यांना येथे आबा म्हणू. तरुणपणी पंचक्रोशीत चढाईसाठी नावाजलेले. उजवी बाजू पूर्ण गेली आणि वाचाही गेली. समजत सारे होते, परंतु तोंडातून एका ‘हे, हे’ खेरीज काही उमटत नव्हते. पत्नीचे नावसुद्धा येत नव्हते. घरात पत्नी, मुलगा, सून आणि दहावीतला नातू.

ऑगस्टच्या एका संध्याकाळी, वीज होती म्हणून, नातवाने पुणेरी पलटणचा सामना लावला. चढाईपटू रेषा ओलांडून आत शिरला आणि खाटेवरून स्पष्ट आवाज आला, ‘‘हुतूतूतूतू...’’ आजी घाबरल्या. दुसऱ्या दिवशी मला निरोप आला, की काहीतरी चमत्कार झाला आहे.

चमत्कार नव्हता, पण कामाची गोष्ट होती. मेंदूच्या डाव्या भागाला इजा होऊन वाचा जाते, तेव्हा विचार करून बोलायचे शब्द हरवतात. मात्र आयुष्यभर घोकलेले, ओठांवर बसलेले बोलणे पुष्कळदा शिल्लक राहते. एक ते दहा आकडे, वारांची नावे, आरती, हरिपाठ, एखादी शिवी, आणि आबांच्या बाबतीत हुतूतू. आपल्या घरी असा रुग्ण असेल, तर त्याच्यासोबत रोज थोडा वेळ अंक म्हणा, अभंग म्हणा. पहिला शब्द तुम्ही उच्चारा, दुसऱ्यासाठी थांबा. चुकले तर दुरुस्त करू नका. चार माणसांसमोर ‘‘सांगा बरं हे कोण?’’ अशी परीक्षा तर मुळीच घेऊ नका. समजते पण बोलता येत नाही, अशा माणसाचा तो अपमान असतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आबांना भेटायला गेलो असता नातवाने मला गुणतक्ता समजावून सांगितला. तेव्हा जिंकल्यास पाच गुण मिळत, बरोबरीस तीन. आणि हरलेल्या संघालाही एक गुण मिळे. अट इतकीच, की पराभव सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने झालेला असावा लागे. मला हे ठाऊक नव्हते. वीस गुणांनी हरणे आणि पाच गुणांनी हरणे यांना मी आजवर एकच समजत होतो. कबड्डीतच नव्हे, माझ्या धंद्यातही.

कारण त्याच भेटीत आबांना कुशीवर वळवले, तेव्हा माकडहाडाजवळ शय्याव्रण दिसले. रुपयाएवढे, सालटे गेलेले. मी सगळ्यांसमोर सुनेला म्हणालो, ‘‘बाई, तुमचं लक्ष नाही.’’ ती काही बोलली नाही. नातवाने दप्तरातून एक वही काढून माझ्या हाती दिली. रात्री दहा, बारा, दोन, चार: प्रत्येक वेळी कूस बदलल्याची नोंद होती आणि प्रत्येक नोंदीपुढे एकच नाव होते. मध्ये पाच दिवस कोरे होते. त्या पाच दिवसांत ती स्वतः तापाने फणफणली होती.

‘दर दोन तासांनी कूस बदला’ हे वाक्य मी जूनमध्ये चिठ्ठीवर लिहून दिले होते. ते कोण करणार, ती माणसे झोपणार केव्हा, करणारे आजारी पडले तर पुढे काय, हे मी विचारले नव्हते. सात गड्यांचे काम मी एकीवर टाकले होते आणि हरल्याचा दोषही तिलाच दिला होता. मी तिची क्षमा मागितली, पण ती तिसऱ्या भेटीत. आधीच्या दोन भेटींत जीभ रेटली नाही.

मग आम्ही वहीतली पद्धत बदलली. वेळेआधी नाव लिहायचे. रात्री दहा आणि बारा आजींचे, दोन मुलाचा, पहाटे चार नातवाचा, कारण तो तेव्हा अभ्यासाला उठतच असे. दुपारी चुलत जाऊ. सुनेला रात्री सलग सहा तास झोप. मलमपट्टी आशाताईंनी शिकवली. आजींचे वजन आबांच्या निम्मे, म्हणून त्यांना युक्ती दाखवली: आबांचा पलीकडचा गुडघा दुमडायचा, एक हात खांद्यामागे, एक कमरेमागे ठेवायचा आणि उचलायचे नाही, आपल्याकडे नुसते लोळवायचे. लुळा हात धरून मात्र कधीही ओढू नये. खांदा निखळतो आणि ते दुखणे महिनोन्‌महिने पुरते. तो हात उशीवर टेकलेला असावा. लाल झालेली त्वचा बोटाने दाबून पाहावी. दाब काढल्यावरही लाली फिकी होत नसेल, तर व्रणाची सुरुवात झाली आहे असे समजून त्या बाजूवर भार टाकणे थांबवावे आणि डॉक्टरांना दाखवावे. तेथे चोळू नये. बाजारात मिळणारे हवेचे गोल कडेही खाली ठेवू नये, कारण त्याच्या काठाने रक्तपुरवठा आणखी अडतो.

सात गुणांच्या आत हरणे म्हणजे काय, ते यावरून ध्यानात येईल. गेलेली बाजू पूर्ण परत येणे पुष्कळदा आपल्या हाती नसते. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक, सहा महिन्यांपर्यंत बऱ्यापैकी आणि पुढे धिमा असतो. कितीही सेवा केली तरी या चालीला फारशी घाई करता येत नाही. व्यायाम मात्र सोडू नये, तो वर्षानंतरही उपयोगी पडतो. परंतु व्रण न होणे, घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया न होणे, पडून मांडीचे हाड न मोडणे, रक्तदाबाची गोळी न चुकणे, या गोष्टी बऱ्याच अंशी घराच्या हाती आहेत. तेथे मिळवलेला एकेक गुण कोणाला दिसत नाही. पाहुण्यांना फक्त एवढेच दिसते, की म्हातारा अजून उठत नाही.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. हंगाम हा शब्द आपण खेळाआधी उसासाठी वापरतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावे रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्याची, म्हणजे नवराबायकोच्या जोडीची. त्या वर्षी या घरासमोर प्रश्न होता: सून गेली तर आबांकडे कोण पाहणार, आणि राहिली तर मुलगा अर्धा कोयता म्हणून जाणार. सून राहिली. कमाई खाली आली आणि दहावीनंतर तालुक्याला शिकायला जायचे नातवाचे एक वर्ष लांबले. ही किंमत कोणत्याही गुणतक्त्यात मांडलेली नसते. सेवेचे गोडवे गाणाऱ्यांनी ती आधी मोजावी, असे मला वाटते.

कित्येक घरांत दोघेही जातात आणि मागे सत्तरीची पत्नी पंचाहत्तरीच्या पतीला सांभाळते. मॅटवर तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना केलेल्या पकडीला दुप्पट, म्हणजे दोन गुण मिळतात. ती अव्वल पकड. अशा आजीबाई दवाखान्यात आल्या, की मी आधी त्यांचाच रक्तदाब मोजतो. त्यांच्या गोळ्या बहुधा संपलेल्या असतात, कारण पैसे रुग्णाच्या गोळ्यांवर खर्च झालेले असतात. हे वाचणाऱ्या लेकीसुनांनी, मुलांनी गावी फोन केल्यावर ‘‘बाबा कसे आहेत?’’ याआधी ‘‘आई, तू काल रात्री किती झोपलीस?’’ असे विचारावे. उसाच्या फडातूनही हे विचारता येते.

पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एका रुग्णाला खिन्नतेचा आजार जडतो. जेवण टाळणे, भिंतीकडे तोंड करून पडणे, विनाकारण रडणे यांना हट्ट समजू नये. त्यावर औषध आहे आणि ते लागू पडते. सांभाळणाऱ्यालाही हीच लक्षणे दिसू शकतात. त्याने ती लपवू नयेत.

पुणेरी पलटणचे पुढे काय झाले, ते सांगायला हवे. २०१५ च्या दुसऱ्या हंगामातही ते तळालाच राहिले. तेव्हा आबा काठी टेकत तुळशीपर्यंत जाऊ लागले होते. पलटण हरली की डाव्या हाताने कपाळ बडवून घेत आणि नातवाकडे पाहून हसत. तिसऱ्या हंगामात संघ तिसरा आला. विजेतेपदासाठी मात्र दहावा हंगाम उजाडावा लागला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पलटण जिंकली. कर्णधार अस्लम इनामदार, आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा.

येथे मात्र तुलना सोडून द्यावी लागते. आबांचा उजवा हात शेवटपर्यंत उघडला नाही. पत्नीचे नाव त्यांना पुन्हा घेता आले ते दुसऱ्या वर्षी, तेही हरिपाठाच्या ओघात मध्येच. पाचव्या वर्षी, थंडीत, ते गेले. शेवटचे तपासायला मीच गेलो होतो. पाठीवर एकही व्रण नव्हते. मी ते सुनेला सांगितले. ती म्हणाली, ‘‘वही ठेवलीय मी अजून.’’

आपल्या घरी कोणी अंथरुणावर असेल, तर या पंधरवड्यात अशी एक वही घाला आणि तिच्यात वेळेआधी नावे लिहा. एकच नाव सलग तीन ओळींत आले, तर त्या दिवशी कोणाला तरी फोन करा. पाणी पिताना ठसका लागत असेल, तर बसवून, हनुवटी किंचित छातीकडे झुकवून, चमच्याने द्या आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नका. गिळण्याच्या त्रासाविषयी सविस्तर पुढील अंकात लिहीन.