जटायूचे पंख

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले, की आमच्या सटाण्यात शाळाशाळांतून लगबग सुरू होते. राम कोणी व्हायचे, रावण कोणी व्हायचे, हे ठरते आणि मग घरोघरी प्रश्न उभा राहतो तो पोशाखाचा. पुष्कळांचे उत्तर ठरलेले असते: दुकानातून भाड्याने आणावा, एक रात्र वापरावा व सकाळी परत करावा. मुलांनो, मला हे उत्तर पटत नाही. राजाराणीचा पोशाख हवा तर भाड्याने आणा. परंतु पशुपक्ष्यांचे सोंग ज्याचे त्याने घरीच करावे, असे माझे मत आहे.

जटायूचेच पाहा. इगतपुरी तालुक्यातील टाकेद येथे त्याने देह ठेवला, अशी लोकांची श्रद्धा आहे. तेव्हा तो आपल्या नाशिक जिल्ह्याला परका नाही. जटायू हा गिधाड. पण भाड्याने आलेल्या एका जटायूला मी पोपटासारखे हिरवे पंख आणि कोंबड्याचा तुरा पाहिला आहे! ज्याला पंख स्वतः शिवायचे आहेत, त्याला आधी गिधाड कसे दिसते याचा शोध घ्यावा लागतो. त्याच्या डोक्यावर व मानेवर पिसे अगदी विरळ, मानेच्या तळाशी पांढुरकी झालर आणि अंग तपकिरी. शोध घेता घेता आणखी एक दुःखद गोष्ट कळते. एके काळी गावोगाव दिसणारा हा पक्षी आज दुर्मिळ झाला आहे. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक नावाचे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरांच्या मांसावाटे गिधाडांच्या पोटात गेले आणि ती हजारोंनी मेली. गुरांसाठी त्या औषधावर आपल्या देशात २००६ साली बंदी आली. त्र्यंबकेश्वराजवळ अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडे अजून घरटी करतात. भाड्याचा पोशाख चढवणाऱ्याला हे सारे कळण्याचे काही कारणच पडत नाही.

पिसे आणावी कोठून? खुराड्यात गळलेली कोंबडीची पिसे धुऊन वाळवली, की छातीपुरती होतात. पंखांची लांब पिसे जाड कागदाची कापावीत. जिवंत पक्ष्याचे पीस मात्र कधीही उपटू नये. वन्य पशूचे कातडे वापरण्यास तर १९७२ च्या कायद्यानेच मनाई आहे. पिसे टाचताना आरंभ सर्वांत खालच्या ओळीपासून करावा, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीचे देठ झाकते. कौले घालणारा कारागीरही वळचणीपासूनच वर चढत जातो. नातवाबरोबर पंख करताना मी वरून आरंभ केला आणि सारे काम उसवावे लागले!

यात नवे असे काही नाही. सुरगाणा, पेठ, जव्हार, मोखाडा या भागांतील आदिवासी बांधव बोहाड्यासाठी कागदाच्या लगद्याचे व लाकडाचे मुखवटे करतात आणि संबळाच्या तालावर ती सोंगे नाचवतात.

कोणी म्हणेल, कांद्याची लागवड चालू असता आईबापांना सवड कोठली? पण सोंग मुलाने करायचे आहे, आईबापांनी नव्हे. ते ओबडधोबड झाले तर होऊ द्यावे.

हे मी आज म्हणतो. मुख्याध्यापक असताना मात्र माझे वर्तन निराळे होते. एका वर्षी जांबुवंताचे काम ज्या मुलाकडे होते, त्याने गोणपाटाचा अंगरखा करून आणला. सुतळी पिंजून तिचे झुबके त्याने त्यावर शिवले होते. इतरांचे भाड्याचे पोशाख झगमगत होते आणि पाहुणे यायचे होते. मी जांबुवंताचे काम दुसऱ्याला दिले व त्या मुलाला वानरसेनेत शेवटच्या रांगेत उभे केले. तो काही बोलला नाही. अंगरखा घेऊन जायलाही तो आला नाही.

निवृत्त होताना शाळेचे फडताळ आवरत असता तो अंगरखा माझ्या हाती आला. मी खिडकीपाशी जाऊन तो उलटासुलटा करून पाहिला. सुतळीची एकूण एक ओळ खालून वर शिवलेली होती.