काढलेली गाठ तपासाच

गर्भाशयाची काढलेली प्रत्येक गाठ पॅथॉलॉजी तपासणीला पाठवणे सक्तीचे व्हावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. गर्भाशय काढण्याच्या अनावश्यक शस्त्रक्रियांना लगाम घालणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा आदेश त्याशिवाय अर्धाच राहतो.

फायब्रॉइड समजून काढलेल्या गाठीत क्वचित सार्कोमा हा कर्करोग दडलेला असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये हे प्रमाण अशा शस्त्रक्रिया झालेल्या ३५० महिलांत एक, असे धरले होते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत यंत्राने गाठीचे तुकडे केले, तर कर्करोगाच्या पेशी पोटात पसरू शकतात आणि जगण्याची शक्यता घटते. रोग गर्भाशयापुरता असतानाच सापडणे, हाच या रुग्णांचा मोठा आधार. ट्रेमधली गाठ नातेवाइकांना दाखवून फेकून दिली, की तोही गेला.

राज्य सरकारने हा नियम खासगी रुग्णालयांनाही लावावा आणि अहवालाची प्रत रुग्णाच्या हाती पडेल, हे पाहावे.